तात्यांच्या रक्तातले जंतू आणि पालखीचा मान

हॉस्पिटल चालवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. औषध कंपन्यांची पेनं आणि किस्से. पेनं निदान कुणीतरी सही करायला मागतं आणि खिशात घालून निघून जातं. किस्से कुणी नेत नाही! ते आपल्यालाच सांभाळावे लागतात, आणि चार मैत्रिणी जमल्या की एकेक करून बाहेर काढावे लागतात. त्यातही हल्ली मला फर्माईश एकच असते, "ए, ते तात्यांचं सांग ना!"

बोर्ली पंचतनला आमचं छोटं हॉस्पिटल आहे. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी काढलेलं. मी फिजिशियन. पनवेलहून सून म्हणून आले ती माप ओलांडून थेट ओपीडीतच बसले म्हणा ना! आप्पा आता ऐंशीच्या घरात आहेत. 'आजपासून मी रिटायर' असं दर थोड्या दिवसांनी जाहीर करतात आणि दुसऱ्या दिवशी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून राउंडला हजर!

आणि आमच्या रेश्मा सिस्टर. सासरा-सून वादाला लागले की सिस्टर कपाट उघडून शांतपणे इंजेक्शनं मोजायला घेतात. आमच्याकडचा स्टॉक त्यामुळे कधीही चुकत नाही.

*

तात्या म्हणजे पांडूतात्या. बोर्लीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत त्यांची वाडी आहे. भातशेती, दोन म्हशी, मुलगा मुंबईला कंपनीत. शिमग्याच्या आधीची एक दुपार. तात्यांना घेऊन रिक्षा दारात आली. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं तरी रिक्षा हलतच होती! इतकी थंडी भरली होती तात्यांना. दातावर दात आपटत होते, अंग तव्यासारखं तापलेलं, आणि दोन दिवस लघवीला जळजळ. वरून दोन गोधड्या आणि त्यांवर एक ताडपत्री पांघरलेली.

लघवीतले जंतू रक्तात शिरले असणार, हे बघताक्षणी लक्षात आलं. अशा वेळी अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी रक्त तपासायला घ्यावं लागतं. बाटल्यांमध्ये रक्त भरायचं, लॅबमध्ये जंतू वाढतात का बघायचं, वाढले तर ते कुठल्या औषधाने मरतात तेही बघायचं. रेश्मा सिस्टरनी उजव्या हाताचं रक्त घेतलं आणि डावीकडे वळल्या.

तात्यांच्या बायकोने, पार्वतीकाकींनी, सिस्टरचा हात धरला. "ओ सिस्टर, ताप काय दोन्ही हातांना हाय व्हय?"

मी समजावलं, "काकी, कधीकधी कातडीवरचे साधे जंतू सुईबरोबर बाटलीत शिरतात. एकाच बाटलीत सापडले तर शंका राहते. दोन्ही हातांच्या रक्तात तेच जंतू दिसले, की खात्री पटते."

काकींनी क्षणभर विचार केला. "म्हंजे दोन साक्षीदार लागतात!"

"अगदी बरोबर."

"मंग घ्या. आमचा जमिनीचा दावा येकाच साक्षीदारापायी गेलाय." असं म्हणून त्यांनी स्वतःच तात्यांची डावी बाही वर केली.

बाटल्या भरून झाल्या, इंजेक्शन सुरू झालं, सलाईन लागलं. थंडी जरा ओसरल्यावर तात्यांनी माझा हात घट्ट पकडला. मला वाटलं, विचारणार, 'मी वाचेन ना?' सगळे तेच विचारतात.

तात्या म्हणाले, "मॅडम, पुढल्या शनवारी पालखी हाय."

*

हे पालखीचं प्रकरण नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यावरूनच झाला.

शिमग्यात ग्रामदेवीची पालखी वाडीवर येते. तिला पहिला खांदा द्यायचा मान तात्यांच्या घराण्याचा. आजोबांनी दिला, वडिलांनी दिला, आता तात्या देतात. पण नियम कडक! मानकऱ्याने त्या दिवशी उपास करायचा. शहाळ्याचं पाणी चालतं, औषध अजिबात चालत नाही. ज्याचं औषध चालू तो देवीच्या दृष्टीने आजारी, आणि आजारी माणसाचा खांदा पालखीला चालत नाही. अशा वर्षी मान भावकीत पुढच्या माणसाकडे जातो. आणि एकदा गेलेला मान परत येत नाही, हा त्याहून कडक नियम!

भावकीतला पुढचा माणूस म्हणजे तात्यांचा चुलतभाऊ धोंडू. जमिनीच्या दाव्यात समोर उभा होता तोच!

तात्या ॲडमिट झाले त्या दिवसापासून सात दिवस औषध दिलं, तर ते पुढल्या मंगळवारी संपत होतं. शनिवारी तात्या मोकळे. चौदा दिवस दिलं, तर पालखी येऊन निघून जाणार आणि तात्या गोळ्या मोजत बसणार.

मी मनात सात ठरवले होते. पण आधी जंतू कुठले, ते कळायला हवं होतं.

*

आमच्याकडून तपासणीच्या बाटल्या पनवेलच्या लॅबला जातात. सगळ्यात लवकर पोचतो तो मासळीचा टेम्पो. चालवणारा आमच्या ओळखीचा, माणूस अगदी भरवशाचा. आणि भरवशाच्या माणसाचीच जास्त भीती असते!

रेश्मा सिस्टरनी त्याला बजावलं होतं, "दादा, हे रक्त आहे. बर्फात ठेवायचं नाही." त्याने मान हलवली आणि टेम्पो निघाला.

टेम्पो म्हसळ्याला पोचला आणि त्याचा फोन आला. "सिस्टर, काळजी सोडा! मी बगितलं, गरम व्हायला लागलेलं. पापलेटच्या मधोमध ठेवलंय, वर-खाली बर्फ!"

सिस्टरच्या हातून ट्रे पडला. "अहो, बाहेर काढा ते!"

"नासंल ना!"

"नासलं तरी चालेल! त्यातले जंतू आम्हाला वाढवायचेच आहेत!"

मग टेम्पोवाल्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "सिस्टर, मॅडमना फोन देता काय? तुमची तब्येत बरी वाटत न्हाय."

मी फोनवर सांगितल्यावर त्याला पटलं. मग तो पठ्ठ्या पनवेलपर्यंत बाटल्या शर्टाच्या आत, पोटाशी धरून गेला. अंड्यावर बसलेल्या कोंबडीने इतकी काळजी घेतली नसेल.

दुसऱ्या दिवशी लॅबवाल्याचा फोन. दोन्ही बाटल्यांमध्ये तेच जंतू वाढले होते, लघवीच्या आजारात नेहमी सापडतात ते. मी सुटकेचा श्वास सोडला. लॅबवाला म्हणाला, "आणि मॅडम, एक विचारायचं होतं. खोक्याला पापलेटचा मस्त वास येतोय. किलोचा काय भाव चाललाय तुमच्याकडे?"

आप्पांना ही बर्फाची गोष्ट सांगितली तर ते ढिम्म! "आपल्याकडचेच जंतू ते. त्यांना मासळीची सवय असणारच."

*

पुढे कळलं, की आम्ही सुरू केलेलंच इंजेक्शन त्या जंतूंवर चालतंय. ताप उतरला. बीपी छान, सोनोग्राफीत दगड नाही, पू साठलेला नाही, प्रोस्टेटची भानगड नाही. तात्या उठून बसले आणि विचारू लागले, "पेज किती दिवस? सुकट कदी?" माणूस सुकट मागायला लागला की तो बरा व्हायच्या मार्गाला लागला, हे आमच्या भागातलं सगळ्यात खात्रीचं लक्षण.

आणि नेमक्या त्याच दिवशी धोंडू भेटायला आला. हातात शहाळ्यांचा घड, चेहऱ्यावर कधी न दिसलेली माया!

"तात्याला बरं वाटतंय ना मॅडम? घाई नका करू हां. चौदा दिस ठेवा. एकवीस ठेवा! मानूस म्हत्त्वाचा."

"एवढे लागणार नाहीत हो," मी म्हटलं.

"लागू द्या की! रगताचा मामला हाय. आपला भाऊ हाय तो."

खाटेवरून तात्यांचा आवाज आला, "भाऊ कदीपास्नं झालो रं?"

धोंडूने कानाआड केलं. इतकंच नाही, तर चटई घेऊन तो खाटेखाली मुक्कामालाच आला! तात्यांचे पाय चेपून दे, पाणी आण, पंखा फिरव. रेश्मा सिस्टरना भरून आलं, "किती करतात बाई चुलतभावाचं!" तात्या मात्र त्याने आणलेल्या शहाळ्याला हात लावेनात. शेवटी धोंडूने स्वतः आधी एक घोट पिऊन दाखवला. मग तात्यांनी उरलेलं सगळं शहाळं एका दमात संपवलं आणि म्हणाले, "आता दुसरं काप. त्यातलं पन आधी तूच पी."

धोंडूला त्या दिवशी इतकी शहाळी प्यावी लागली, की खाटेवरच्या पेशंटपेक्षा त्याच्याच बाथरूमच्या फेऱ्या जास्त झाल्या.

*

खरं भांडण मात्र आमच्या घरात पेटलं होतं. दुपारी जेवायला बसलो आणि आप्पांनी विषय काढला.

"तात्याला किती दिवस देणार आहेस?"

"सात."

आप्पांचा हात आमटीच्या वाटीवरच थांबला. "रक्तात जंतू सापडलेत. रक्तात! चौदा."

"आप्पा, साधं इन्फेक्शन आहे. ताप लगेच उतरला, कुठे पू नाही, औषध लागू पडलंय. अशा पेशंटना सात पुरतात. आता त्यावर नीट अभ्यास झालेत."

"मी जन्मभर चौदा दिलेत."

"पण चौदाच का? आला कुठून हा आकडा?"

"आमच्या सरांनी शिकवलं."

"आणि त्यांना?"

"त्यांच्या सरांनी!"

माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "आठवडा सात दिवसांचा, म्हणून सात किंवा चौदा. आठवडा दहा दिवसांचा असता, तर तुमच्या सरांच्या सरांनी वीस दिवस दिले असते!"

आप्पांनी वाटी खाली ठेवली. माझा नवरा दातांचा डॉक्टर आहे. सबंध वादात त्याने स्वतःचं तोंड फक्त भात घालायला उघडलं. आप्पा हात धुवायला उठले आणि जाता जाता म्हणाले, "ताप परत आला, तर पालखी आणि तात्या दोन्ही हातचे जातील. मग मला अभ्यास दाखव."

खरं सांगते, ते वाक्य मला चावलं. पुस्तकात सात लिहिलेलं असतं, पण पुस्तकाला वाडीवर जाऊन तोंड दाखवायचं नसतं. ते मला दाखवायचं होतं. मी शंभरदा फाईल उलटसुलट करून बघितली. दर वेळी उत्तर सातच येत होतं, आणि दर वेळी भीतीही तेवढीच वाटत होती.

आप्पा त्या दिवसापासून माझा राउंड झाला, की मागून गुपचूप स्वतःचा राउंड घ्यायला लागले. सिस्टरना दटावून ठेवलेलं, "तिला सांगू नका." सिस्टर मला येऊन सांगत, "मॅडम, आप्पांनी तुम्हाला सांगू नका म्हणून सांगितलंय, पण तात्यांचा ताप त्यांनाही नॉर्मलच मिळाला."

*

तात्या चांगले जेवायखायला लागले, तेव्हा मी सलाईन आणि इंजेक्शन बंद केलं. पुढचे दिवस तेच काम करणाऱ्या गोळ्या. माझ्या दृष्टीने ही आनंदाची बातमी होती. पार्वतीकाकींनी पदर तोंडाला लावला आणि हंबरडा फोडला!

"अवं मॅडम, सलाईन काडली? असं नका करू! पाह्यजेल तर म्हस इकते!"

कारण आमच्या भागातलं गणित सरळ आहे. सलाईन म्हणजे उपचार. इंजेक्शन म्हणजे जोरदार उपचार. आणि सलाईन काढून हातात गोळ्या दिल्या, म्हणजे डॉक्टरने हात टेकले! 'घरी न्या, काय खायचंय ते खाऊ द्या', त्यातला प्रकार! मी जीव तोडून समजावलं, की गोळी पोटातून रक्तातच जाते. काकी ऐकत होत्या आणि तितक्याच रडत होत्या. धोंडू घाईघाईने बाहेर जाऊन फोनवर बोलताना दिसला. मी लक्ष दिलं नाही.

तासाभरात एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून वाडीतले वीसएक पुरुष उतरले. पांढरे कपडे, खाली घातलेल्या माना, कुणी कुणाशी बोलेना. रांगेने आत आले आणि वॉर्डच्या दारातच थबकले.

आत तात्या मांडी घालून बसले होते. समोर भाकरी, वर सुकट, आणि कांदा बुक्कीने फोडून ठेवलेला.

"काय रं? समदे?" तात्यांनी विचारलं.

कुणीतरी म्हणालं, "आसंच. भेटायला."

तात्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. टेम्पोत हिरवेगार बांबू, सुंभाची गुंडाळी आणि एक मडकं.

"आनि ते बांबू कशापायी?"

आता आली का पंचाईत! सगळ्यांनी धोंडूकडे बघितलं. धोंडू म्हणाला, "मांडवाला! हितं दवाखान्यात पेशंट उन्हात बसतात. म्हटलं, मांडव घालू."

तात्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "बरं झालं. मंग घालूनच जा."

आणि वीस माणसांनी त्या उन्हात, पांढऱ्या कपड्यांत, आमच्या हॉस्पिटलपुढे चक्क मांडव घातला! तात्या दारात खुर्ची टाकून बसले होते. "धोंडू, त्यो डाव्या अंगाचा ढिला हाय." "सुंब वाया नको घालवू, घट आवळ." मडक्याचं काय करायचं ते कुणाला सुचेना, तर रेश्मा सिस्टरनी त्यात प्यायचं पाणी भरून मांडवात ठेवलं. मांडव अजून आहे. कुठून आला, असं विचारलं तर आम्ही 'देणगी' म्हणून सांगतो.

*

तात्या गोळ्या घेऊन घरी गेले आणि मला नवी चिंता लागली. गोळ्या वेळेवर घेतील ना? आमच्याकडे जरा बरं वाटलं, की उरलेल्या गोळ्या बरणीत जातात. शेजारी कुणाला ताप आला, की विरजण द्यावं तशा त्यातल्या दोन उसन्या दिल्या जातात. एक डोस चुकला तरी आप्पा मला सोडणार नव्हते.

मी काकींना फोन केला. "काकी, गोळी वेळेवर घेतायत ना?"

"घेतील न्हाय तर काय! धोंडू बसलाय ना वट्यावर."

"धोंडू? तो कशाला?"

मग उलगडा झाला. धोंडूने वाडीत जाहीर केलं होतं, की तात्यांनी एकही गोळी चुकवली, तर औषध अर्धवट राहिलं, म्हणजे तात्या आजारीच, म्हणजे मान त्याचा. म्हणून तो सकाळ-संध्याकाळ गोळीच्या वेळेला समोर येऊन बसायचा. गोळी चुकतेय का, हे बघायला! आणि तो बसलाय म्हणून तात्या मुद्दाम अंगणात उभं राहून, जीभ बाहेर काढून, गोळी ठेवून, पाणी पिऊन, पुन्हा रिकामी जीभ धोंडूला दाखवायचे.

एकदा शेजारची म्हातारी दोन गोळ्या मागायला आली. तात्या भिडेखातर पाकीट उघडणार, तेवढ्यात धोंडूच ओरडला, "देतोस? दे, दे! म्हंजे दोन कमी पडतील!" तात्यांनी पाकीट कनवटीला लावलं. म्हातारीला माझ्याकडे पाठवलं. तिला साधी सर्दी होती.

इतक्या काटेकोरपणे औषध घेतलेला पेशंट मी आजवर बघितलेला नाही. मंगळवारी शेवटची गोळी झाली, तेव्हा वट्यावर अर्धी वाडी जमली होती. तात्यांनी जीभ दाखवली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!

धोंडू मात्र जाता जाता म्हणाला, "शनवार अजून लांब हाय. ताप काय, परत पन येतो."

म्हणजे आप्पांचं वाक्य तिथवर पोचलं होतं!

*

मधले दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. काकींचा फोन नंबर स्क्रीनवर दिसला की समोरच्या पेशंटला तसंच सोडून मी फोन उचलायची. दर वेळी काहीतरी वेगळंच निघायचं. 'मॅडम, आंबाडीची भाजी चालंल काय?' 'मॅडम, म्हस याली!' ताप काही आला नाही.

शनिवारी संध्याकाळी मी वाडीवर जायला निघाले, तर आप्पा कपडे करून तयार! "मीही येतो पालखीला." देवळात फारसं न जाणारे आप्पा! गाडीत बसल्यावर बघते तर मागच्या सीटवर सलाईनच्या बाटल्या, इंजेक्शनचा डबा, आणि आप्पांच्या खिशात थर्मामीटर.

"ताप आला तर तिथूनच उचलून आणू," आप्पा म्हणाले.

मला हसायची सोय नव्हती. कारण डिकीत मीही तेच सगळं भरून ठेवलं होतं.

वाडीवर खालूबाजा घुमत होता. अंगणं सारवलेली, दारात रांगोळ्या, मुंबईकर पोरं मोबाईल वर धरून उभी. तात्या पांढरंशुभ्र धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून उभे होते. पालखी आली. गुरवाने नाव पुकारलं आणि तात्यांनी खांदा दिला. काय सांगू, मला एकदम रडूच आलं. पार्वतीकाकी माझा हात धरून उभ्या होत्या, त्याही रडत होत्या. आप्पा तात्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. धोंडूही टक लावून बघत होता!

पालखी नाचायला लागली. एक फेरी झाली, दुसरी झाली. आणि तिसऱ्या फेरीत तात्यांचे पाय थरथरायला लागले. मग हात. मग दातावर दात. सगळं अंग थडथड उडायला लागलं!

जंतू रक्तात परत शिरले की माणूस अस्साच हुडहुडतो. डोक्यात एकच गोष्ट घुमायला लागली. सात दिवस मी ठरवले होते. मीच!

मी गर्दीत घुसले, तर माझ्या पुढे आप्पा! ऐंशीच्या घरातला माणूस, पण कोपरांनी लोकांना बाजूला सारत चालला होता. बायका ओरडायला लागल्या, "डाक्टर, शिवू नका! अंगात आलंय! देवी आलीय!"

"अंगात ताप आलाय! सरका!" आप्पा गरजले.

चौघांनी पालखी सावरून धरली, आणि आप्पांनी थर्मामीटर तात्यांच्या काखेत खुपसला! बाजा थांबला. तात्या उडतायत, आप्पा एका हाताने त्यांचा दंड आणि दुसऱ्या हाताने थर्मामीटर दाबून धरतायत, आणि त्यांच्याबरोबर आप्पाही उडतायत! मी तात्यांची नाडी धरली. पण त्या उड्यांत काही मोजता येईना.

थर्मामीटर पीं पीं वाजला. आप्पांनी तो चष्म्याजवळ नेऊन बघितला. लांब धरून बघितला. मग माझ्या हातात दिला.

नॉर्मल! अगदी नॉर्मल! कपाळाला हात लावला, तर गार.

तात्या अजून थडथडत होते. डोळे वर गेलेले, फेटा सुटलेला. गुरवाने धूप पुढे केला. आता काहीतरी विचारायला हवं, म्हणून धोंडूच नारळ घेऊन पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "आई, कुनाचं काय चुकलं? सांग."

तात्यांचा हात वर उठला. एक बोट पुढे आलं आणि हळूहळू गर्दीवरून फिरायला लागलं. धोंडूपाशी आलं. धोंडूने डोळे गच्च मिटले. बोट पुढे सरकलं. गुरवावरून गेलं, माझ्यावरून गेलं, आणि आप्पांसमोर येऊन थांबलं.

"म्हाताऱ्या!"

असा आवाज मी तात्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आप्पांना जन्मात कुणी 'म्हाताऱ्या' म्हटलं नव्हतं! ते ताठ उभे राहिले.

"सुनेचं ऐक!"

धुपाचा धूर सरळ वर चाललेला. आप्पांनी सावकाश दोन्ही हात जोडले.

आणि मग वट्यांवरून, दारांमागून, डोक्यावरचे पदर सावरत, वाडीतल्या झाडून सगळ्या सुना एका आवाजात ओरडल्या, "व्हय म्हाराजा!"